तुमचे कोण आहे?

(कुरुंदा येथे झालेल्या सहायकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण. छपाईसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



सकाळी गाडीतून उतरल्याबरोबर तुमच्यापैकी काही जणांनी विचारले, हा वास कसला येतोय? तो हळद शिजवण्याचा वास आहे. या दिवसांत कुरुंद्याच्या शिवारात जिकडे जाल तिकडे हळद काढणे, शिजवणे आणि वाळवणे चालू असते. आपला वसमत तालुका हळदीचा. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही हळद जमिनीतून काढून वेचणारे हात कोणाचे, हे बाजारात कोणी विचारत नाही. त्यातले बरेच हात कळमनुरी आणि औंढ्याच्या डोंगराकडच्या वाड्यांतून येतात. आंध समाजाच्या बाया येतात, तांड्यावरची माणसे येतात. हळद संपली की घरी जातात आणि दसरा-दिवाळी झाली की त्यांतलीच कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात.

या लोकांमध्ये तुमच्या प्रार्थनांनी आणि दानाने आम्ही काम करतो. दर वर्षी तुम्ही मला प्रेमाने विचारता, "ताई, तिकडे कशाची गरज आहे?" मी यादी देते. औषधे, चादरी, पोषण आहाराची पाकिटे, वह्या. यंदा काही मंडळ्यांनी मिळून फिरत्या दवाखान्याच्या गाडीसाठी पैसे जमवायला सुरुवात केली आहे. त्यासाठी मी मनापासून आभारी आहे. पण आज त्या गाडीबद्दल मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे. त्याआधी एक गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे, म्हणून ती सांगणे मला सोपे नाही.

तीन वर्षांपूर्वी हळदीच्या कामावर आलेला एक माणूस आम्हाला भेटला. वय चाळिशीच्या आत. त्याचे नाव आणि वाडी मी सांगणार नाही. खोकला महिनाभर जात नव्हता. तपासणीत क्षयरोग निघाला. सरकारी औषधे लगेच सुरू झाली, तीही फुकट आणि वेळेवर. तो आपल्या वाडीवर परतला. आम्ही दर महिन्याला आमच्या गाडीने त्याच्या दारात जायचो. डाळ, शेंगदाणे, गूळ, तेल असे पाकीट द्यायचो. वजन करायचो, वहीत लिहायचो, सही घ्यायचो. कागदावर पाहाल तर आमच्या कामात काही उणे नव्हते.

चौथ्या महिन्यात त्याचे वजन घटलेले दिसले. मी विचारले, गोळ्या घेता ना? तो काही बोलला नाही. मी कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडला. आत गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी होती, न फोडलेली. मला राग आला. मी म्हटले, "दादा, सरकार गोळ्या देते, आम्ही एवढ्या लांबून खाऊ घेऊन येतो, आणि तुम्हाला एक गोळी गिळायला होत नाही?"

तो म्हणाला, "गोळ्या हायत ताई. पण घेतली का, म्हणून इचारणारं कोण हाय?"

मग हळूहळू सगळे कळले. आजार समजल्यावर बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. तिला भीती होती लेकरांची, तिला दोष कसा देऊ? भावाने ताट-तांब्या वेगळा केला होता. उपचार नीट सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो, हे त्या भावाला कोणी बसून सांगितलेच नव्हते. मी दर महिन्याला त्याच्या दारावरून जात होते, पण माझ्या वहीत भावासाठी रकाना नव्हता.

आणि शेवटी जे कळले ते मला सर्वांत जास्त लागले. आमची गाडी, संस्थेच्या नावाची पाटी लावलेली, साऱ्या वाडीत फक्त त्याच्याच दारात थांबायची. लोक म्हणू लागले की हा मिशनवाल्यांचा झाला, याला पैसे मिळतात. तो बिचारा आमच्या प्रार्थनेला एकदाही आला नव्हता आणि आम्हीही त्याला कधी बोलावले नव्हते. पण भावकीने त्याला लग्नाकार्याचे सांगणे बंद केले. पारावर तो येऊन बसला की बोलणे थांबायचे. आधीच दोन-तीन धाग्यांवर अडकलेला तो माणूस, आणि त्यातला एक धागा आमच्या गाडीने तोडला होता.

मी धावपळ केली. आशाताईंना भेटले, भावाला भेटले. पण फार उशीर झाला होता. पावसाळा संपता संपता तो वारला. मी मातीला गेले तेव्हा त्या छोट्या वाडीवर साठ-सत्तर माणसे जमली होती. भाऊ ढसाढसा रडत होता. खांदा द्यायला एवढी माणसे होती. मी परत येताना वाटभर एकच विचार करत होते, यातल्या एकालाही मी आधी का शोधले नाही?

बंधू-भगिनींनो, त्या आठवड्यात मी योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुन्हा वाचला. बेथेस्दा तळ्याजवळचा तो माणूस तुम्हा सर्वांना माहीत आहे. अडतीस वर्षे आजारी. येशू त्याला विचारतो की तुला बरे व्हायचे आहे काय? डिप्लोमा करत असताना मी या भागावर एक निबंध लिहिला होता. त्यात मी लिहिले होते की हा माणूस सरळ उत्तर देत नाही, सबब सांगतो, त्याच्यात विश्वासाची कमतरता दिसते. चांगले गुणही मिळाले होते. आता तो निबंध मला लाजवतो. तो माणूस सबब सांगत नव्हता. तो आपल्या आजाराची खरी हकीकत सांगत होता. पाणी हलते तेव्हा मला तळ्यात उतरवायला माझे कोणी नाही, हे त्याचे म्हणणे. उपचार चार पावलांवर होता, अडतीस वर्षे होता. मधल्या चार पावलांसाठी माणूस नव्हता.

आता त्याच्या शेजारी मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती ठेवून पाहा. त्यालाही चालता येत नाही. पण त्याला चौघे आहेत. गर्दी दिसली म्हणून ते परत फिरत नाहीत, छप्पर उकलून त्याला बाजेसकट खाली सोडतात. आणि येशूने त्या वेळी कोणाचा विश्वास पाहिला, तर त्यांचा, त्या आणणाऱ्यांचा, असे मार्क लिहितो. दोघेही चालू न शकणारे. फरक एवढाच की एकाला चार माणसे आहेत आणि दुसऱ्याला एकही नाही.

कोणी म्हणेल, ताई, हे प्रवचन झाले, याचा आरोग्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो शास्त्रज्ञांनी मोजला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अलामेडा नावाच्या काउंटीमध्ये १९६५ मध्ये ६,९२८ प्रौढ माणसांची पाहणी झाली. लग्न झाले आहे का, नातेवाईक आणि मित्र किती भेटतात, चर्चला जाता का, एखाद्या मंडळात आहात का, असे साधे प्रश्न होते. मग नऊ वर्षे त्या लोकांचे पुढे काय झाले ते पाहिले. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष छापला. ज्यांचे संबंध सर्वांत कमी होते त्यांच्यात मृत्यूचा धोका, भरपूर संबंध असलेल्यांच्या मानाने, दुपटीहून जास्त होता. धूम्रपान, दारू, वजन, गरिबी यांचा हिशोब वेगळा काढला तरी फरक उरलाच.

पुढे २०१० मध्ये अशा १४८ अभ्यासांची बेरीज करण्यात आली, एकूण तीन लाखांहून अधिक माणसे. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त, असे त्यात दिसले. आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने अहवाल दिला की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध या एकाकीपणाशी आहे. म्हणजे आपण इथे बसलो आहोत त्या प्रत्येक तासाला सुमारे शंभर.

हे कसे घडते, ते आपल्या गावातली उदाहरणे घेऊन पाहा. पहिले म्हणजे आजार लवकर लक्षात येतो. "काकू, तुमचे पाय सुजलेत," हे शेजारीण सांगते, कारण आपला पाय आपण रोजच पाहतो आणि सवय होऊन जाते. दुसरे, कोणीतरी दवाखान्यापर्यंत नेते. रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करायला चार्ज असलेला मोबाइल लागतो, आणि रात्री दोन वाजता तो उचलणारा माणूस लागतो. तिसरे, कोणीतरी पाठपुरावा करते. क्षयाच्या गोळ्या सहा महिने असतात. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते आणि गोळी सोडावीशी वाटते. तेव्हा रागावणारी आई किंवा बहीण लागते. चौथे शरीराच्या आतले आहे. माझे कोणी नाही या भावनेत माणूस वर्षानुवर्षे राहिला की शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहते. झोप उडते, रक्तदाब वाढतो, भूक जाते, आजाराशी लढण्याची ताकद कमी होते. म्हणजे एकटेपणा नुसता मनात राहत नाही, तो अंगात उतरतो.

इथल्या लोकांना हे संकटाच्या वेळी दिसले आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली आणि या कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले. सरकारी मदत आली, संस्थाही आल्या. पण पाणी चढत असताना आजीला पाठीवर घेणारा शेजारीच होता. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये आपल्या जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा सगळे घराबाहेर धावले. त्या दिवसांत मी वाड्यांवर विचारत होते, तुम्हाला हाक कोणी मारली? बहुतेकांनी पटकन नाव सांगितले. दोन म्हाताऱ्या मात्र म्हणाल्या, "आमाला कोण हाक मारतंय माय?" त्या दोघींची नावे मी त्या दिवशी वहीत पहिल्या पानावर लिहिली.

आता या महाराष्ट्रातले, आपल्याच विश्वासातल्या माणसांचे उदाहरण आठवू या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. तो दुष्काळी, गरीब मुलूख. तिथे एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारामागे १७६ होते. त्यांनी प्रशिक्षित नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या, पण बाहेरून आलेल्या नर्सला गाव आपले मन उघडेना. मग त्यांनी गावालाच सांगितले की तुमच्यातली एक बाई निवडून द्या. आलेल्या बायांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, कित्येक जणी दलित वस्तीतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत आणि शिकलेले गावात जाऊन सांगत. त्यांच्या जोडीला पुरुषांची शेतकरी मंडळे आणि बायांची महिला मंडळे उभी राहिली. अडीच दशकांत बालमृत्यूचे ते प्रमाण तीसच्या खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला त्यातली विंधन विहिरींची गोष्ट फार आवडते. पाण्यासाठी बोअर घ्यायची तेव्हा डॉक्टरांनी ती दलित वस्तीत घ्यायचे ठरवले. साऱ्या गावाला पाणी हवे होते, मग साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. शुद्ध पाण्याने जुलाब थांबतात, हे कोणीही डॉक्टर सांगेल. पण पाणी कुठे काढले म्हणजे माणसे एकमेकांच्या जवळ येतील, याचाही विचार त्यांनी केला. आमच्या गाडीने वाडीवर नेमके उलटे केले होते. खाऊ बरोबर होता, पण तो पोचवण्याच्या रीतीने माणूस एकटा पडला.

आता एक सावधगिरीचा शब्द. सगळी नाती औषध असतात असे मी म्हणत नाही. दारूचा पहिला पेला मित्रच देतो. मुकादमाचेही नातेच असते. तो उचल देतो, लग्नाला येतो, आणि त्याच उचलीपायी बाई सातव्या महिन्यातही कोयता घेऊन फडात उभी राहते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला "घरातले घरात राहू दे" म्हणणारीही नातीच असतात. तिथे आम्ही नाते जपा असे सांगत नाही. तिथे तिला दुसरे दार शोधून देतो, माहेरचे, मैत्रिणीचे, गरज पडली तर पोलिसांचे. म्हणून नाती नुसती मोजून चालत नाहीत. कोणते नाते आधार देते आणि कोणते गळा आवळते, हे त्या माणसालाच विचारावे लागते.

त्या भावाच्या मृत्यूनंतर आम्ही कार्यकर्ते एक दिवस उपास आणि प्रार्थनेला बसलो आणि कामाची रीत बदलली. वहीचे पहिले पान बदलले. आता वजन आणि रक्तदाबाच्या आधी सहा प्रश्न आहेत. रात्री ताप चढला तर कोणाचे दार वाजवाल? दवाखान्यात सोबत कोण येईल? हातउसने पाचशे रुपये कोण देईल? शेवटचे कोणाबरोबर बसून जेवलात? मनातले कोणाला सांगता? आणि सहावा प्रश्न, तुम्ही स्वतः कोणाच्या उपयोगी पडता? कारण नुसते घेणारा माणूसही आतून एकटाच राहतो. खाटेवरच्या एका आजोबांना आम्ही शेजारच्या पोरांना पाढे शिकवायला सांगितले. आता पोरे संध्याकाळी आपण होऊन येतात आणि आल्यावर "बाबा, गोळी घेतली का?" हेही तीच विचारतात.

दुसरा बदल म्हणजे आम्ही कोणाच्याही दारात एकदम गाडी नेत नाही. आधी घरातले, मग भावकीतले वडीलधारे, मग आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याबरोबर बसतो. आजार काय आहे, कसा पसरतो, कसा पसरत नाही, हे त्या माणसाची परवानगी घेऊन त्याच्या माणसांना सांगतो. पोषणाचे पाकीट शक्य तिथे त्याच्याच घरच्याच्या हातून देतो. आणि प्रत्येक रुग्णाला एक सोबती शोधतो. तो सोबती आमच्या मंडळीतला असावा अशी अट नाही. तो त्याचा स्वतःचा माणूस असावा, एवढेच पाहतो. तो कोणाला हात जोडतो हे आम्ही विचारत नाही. येशूने त्या तळ्यावर आधी कोणाकडून कबुली घेतली नव्हती. तो माणूस बरा झाला, तेव्हा आपल्याला बरे करणारा कोण हेही त्याला माहीत नव्हते.

गेल्या ऊसतोडीच्या वेळची एक गोष्ट सांगते. एका टोळीत एक पहिलटकरीण होती. टोळीबरोबर जाऊ नकोस, असे आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिले. पण उचल घेतलेली होती, ती थांबू शकत नव्हती. मग निघण्याआधी आम्ही टोळीतल्या बायांना घेऊन बसलो. तिची जाऊ आणि टोळीतल्या एक वयस्क मावशी, अशा दोघी सोबतिणी ठरल्या. धोक्याची लक्षणे सांगितली. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणे, अंगावरून रक्त जाणे, बाळ न हलणे. इकडच्या आशाताईंचा नंबर दोघींकडे दिला. पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर एका रात्री तिचे डोके ठणकू लागले आणि तोंड सुजले. पूर्वी म्हणाल्या असत्या, ऊन लागले, लिंबू-पाणी प्या. त्या मावशींनी मुकादमाला उठवले, १०८ ला फोन करायला लावला आणि स्वतः गाडीत बसल्या. रक्तदाब फार वाढलेला निघाला. आई आणि बाळ दोघेही आज सुखरूप आहेत. देवाची स्तुती असो. आणि त्या मावशींचेही आभार, त्यांना शाळेचे तोंडही माहीत नाही.

सगळीकडे असेच झाले असे म्हणणार नाही. त्याच वर्षी एका रुग्णासाठी आम्हाला सोबती सापडलाच नाही. दोघा सोबत्यांनी मध्येच सोडले, कारण त्यांनाही पोटामागे जावे लागते. ही रीत हळू चालते. एका दिवसात गाडी दहा वाड्या फिरून येते, पण एका घरातला अबोला मिटायला कधी तीन महिने लागतात.

आता मी गाडीकडे येते. तुम्ही प्रेमाने पैसे जमवले आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण खरे सांगायचे तर आमच्या भागात औषध अजिबात नाही असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, आशाताई आहेत, १०८ आहे. त्यांत उणिवा आहेत आणि त्यांसाठी आपण अधिकाऱ्यांकडे आग्रह धरू. पण मी जी मरणे जवळून पाहिली, त्यांत बहुतेक वेळा औषध आणि माणूस यांच्यामधली चार पावले चालायला कोणी नव्हते. म्हणून माझी विनंती अशी आहे की या वर्षी गाडी घेऊ नये. ते पैसे सोबत्यांसाठी वापरावेत. दवाखान्यात सोबत जाणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती आपण भरून द्यावी. एसटीचे भाडे द्यावे. महिन्याला एकदा सोबत्यांना एकत्र बसवून शिकवण्याचा आणि जेवणाचा खर्च करावा. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक टोळीत दोन बायांना तयार करावे.

याचा फोटो चांगला येणार नाही, हे मला माहीत आहे. गाडीसमोर उभे राहून रिबन कापता येते, मंडळीचे नाव पाटीवर येते. एक बाई दुसरीबरोबर एसटीच्या बाकावर बसली आहे, याचे उद्घाटन होत नाही. तुमच्यापैकी काही जणांना हे पटणार नाही. समितीत यावर बोला, मला प्रश्न विचारा. निर्णय तुमचा आहे आणि तो मी मानेन.

दुसरी विनंती तुमच्या स्वतःच्या मंडळीसाठी. मी वेगवेगळ्या शहरांतल्या मंडळ्यांत बोलायला जाते. तिथे मागच्या बाकावर एकटे बसणारे एखादे काका दिसतात. मुले पुण्याला किंवा परदेशात. उपासना झाली की सगळे हात मिळवून निघून जातात. आदिवासी वाडीवरच्या एकटेपणासाठी तुम्ही दान देता, पण तुमच्या गल्लीतल्या एकटेपणाला दान पुरत नाही, तिथे जाऊन चहाला बसावे लागते. मी तुम्हाला ते सहा प्रश्न दिले आहेत. घरी गेल्यावर आधी स्वतःला विचारा. मग मंडळीची नावांची यादी घ्या आणि ज्यांच्या घरी वर्षभरात कोणी गेले नाही त्यांच्या नावापुढे खूण करा. पाळकसाहेबांवर सगळे टाकू नका, ते एकटे किती दारे वाजवणार? आणि त्यातल्या कोणाचे मन फारच खचले आहे असे वाटले, तर त्यांना एकटे सोडू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, फोन लावून द्या आणि शेजारी बसून राहा.

शेवटी त्या वाडीवरच्या भावाबद्दल. त्याचा थोरला भाऊ, ज्याने ताट वेगळे केले होते, तो गेल्या वर्षी मला औंढ्याच्या बाजारात भेटला. मी नजर चुकवणार होते. तोच पुढे आला आणि म्हणाला, "ताई, शेजारच्या वाडीत एकाला खोकला हाय. घरचे त्याला गोठ्यात झोपवाय लागलेत. मी गेलतो सांगाया. तुमी येता का संगं?"

आम्ही दोघे गेलो. गाडी रस्त्यावर ठेवली आणि आत चालत गेलो. बोलणे सगळे त्यानेच केले. मी नुसती बाजूला बसून होते. त्या घरच्यांनी त्याचे ऐकले, कारण तो त्यांच्यातला होता आणि भाऊ गमावून आला होता. त्या रुग्णाचे सहा महिने पूर्ण झाले आहेत.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, जो तळ्याकाठी एकट्या माणसाजवळ थांबलास, आम्हाला अशा माणसाजवळ थांबायला वेळ दे. ज्यांचे कोणी नाही त्यांची नावे आमच्या ध्यानात राहू दे. आमच्या मदतीने कोणाचे घर तुटू नये, तर जुळावे. हळदीच्या शेतात आणि उसाच्या फडात राबणाऱ्या आमच्या बहिणींना सोबत दे, आणि ती सोबत व्हायला आम्हाला पाठव. येशूच्या नावात मागतो. आमेन.